तामालेतली धूळ आणि धूर: हवामापन केंद्रांच्या नोंदी, नोव्हेंबर ते जुलै

तामाले हे उत्तर घानातलं सर्वांत मोठं शहर. अक्षांश साधारण ९.४ उत्तर. पावसाळा एकच, मे ते ऑक्टोबर, वर्षाला सरासरी ११०० मिलिमीटरच्या आसपास. मोसमी वारे इथेही नैऋत्येकडूनच येतात, फक्त ते गिनीच्या आखातावरून. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वारा उलटतो आणि सहाराकडून कोरडा, धुळीचा हरमटान सुटतो. हौसा बोलणारे या दिवसांना हुंतुरू म्हणतात. शहरात चार स्वस्त केंद्रं बसवून वर्षभर सूक्ष्म कण मोजायचे, हे काम आहे. खालच्या नोंदी पुढच्या हंगामात केंद्रं बसवणाऱ्यांसाठी.

३ नोव्हेंबर

जागा ठरल्या: लामाशेगू, विटिन, कालपोहिन, साकासाका. हवा आत घेणारं तोंड जमिनीपासून तीन मीटरवर. त्याखाली नको, कारण इथे उजाडायच्या आत अंगणातली लाल माती झाडली जाते. सडा न टाकता झाडलं की तो धुरळा डोक्याच्या उंचीवर दहा-पंधरा मिनिटं तरंगतो. मग आकडा शहराचा राहत नाही, एका केरसुणीचा होतो. कोळशाची शेगडी (इथला कोलपॉट), कचरा जाळायची जागा आणि शिया बिया भाजायची भट्टी यांच्यापासून किमान वीस मीटर अंतर. कच्च्या रस्त्यालगतचा खांब सोपा पडतो, पण तो घेतला नाही.

५ नोव्हेंबर

प्रत्येक डब्यात: पीएमएस५००३ कणमापक दोन, बीएमई२८० (तापमान, आर्द्रता, दाब), ईएसपी३२ बोर्ड (सगळं चालवणारा छोटा संगणक), डीएस३२३१ घड्याळ, मेमरी कार्ड, मोबाइल मोडेम. कणमापक दोन घेतले, कारण एकटा बिघडला तर ते कळतच नाही. दोघांच्या तासाच्या सरासरीत (दर घनमीटर हवेमागे) १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आणि २० टक्क्यांपेक्षाही जास्त फरक पडला, तर तो तास बाद. दोन्ही अटी एकत्र हव्यात. नुसती टक्क्यांची अट ठेवली तर पावसाळ्यातले स्वच्छ हवेचे तास विनाकारण बाद होतात, कारण ५ आणि ७ मध्येही टक्केवारी मोठी दिसते.

जोडणीत चुका होतात त्या जागा: कणमापकाला ५ व्होल्ट लागतात, पण त्याच्या संदेशाच्या तारा ३.३ व्होल्टच्या. त्या ५ व्होल्टच्या बोर्डाला थेट जोडू नयेत. वेग ९६०० बॉड. प्रत्येक संदेश ३२ बाइटचा, सुरुवात ६६ आणि ७७ या दोन बाइटनी, शेवटचे दोन बाइट बेरजेच्या पडताळणीचे. पडताळणी गाळली तर मधूनच हजारोंचे आकडे उमटतात आणि ते धुळीचं वादळ समजले जातात. संदेशात पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं प्रमाण) दोनदा येतं, एक ‘सीएफ १’ आणि दुसरं ‘वातावरणीय’. कमी कण असताना दोन्ही सारखेच असतात, हवा खराब झाली की वातावरणीय आकडा खाली दाबला जातो, साधारण दोन तृतीयांशापर्यंत. आम्ही फक्त सीएफ १ साठवतो.

बीएमई२८० डब्यात ठेवला नाही, बाहेर पांढऱ्या झडपांच्या टोपीखाली ठेवला. डब्यात बोर्डाच्या उष्णतेने तो दोन-चार अंश जास्त दाखवतो आणि आर्द्रता कमी दाखवतो. अर्थात दवबिंदू (हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊ लागते तो) काढला तर ही चूक बरीचशी आपोआप फिटते, कारण तापल्याने हवेतली वाफ काही कमी होत नाही. म्हणून ऋतू ओळखायला सगळीकडे दवबिंदूच वापरायचा.

९ नोव्हेंबर

वीज. दुमसोर, म्हणजे येणारी-जाणारी लाइन, गृहीत धरून सगळं सौर पॅनलवर. एका केंद्राचा सरासरी खप १ वॉटच्या आसपास, दिवसाला २४ वॉट-तास. बॅटरी १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तास, लिथियम आयर्न फॉस्फेट: १५४ वॉट-तास. त्यातले ८० टक्के वापरायचे धरले तर ऊन नसताना पाच दिवस. पॅनल २० वॉटचं.

चार्ज कंट्रोलर कारखान्यातून शिशाच्या बॅटरीसाठी लावून येतात. त्यातलं ‘इक्वलायझेशन’ (मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) बंद केल्याशिवाय ही बॅटरी जोडायची नाही. एका पुरवठादाराने ‘लिथियमचा’ म्हणून दिलेल्या कंट्रोलरमध्येही ते चालूच निघालं. चारही तपासले, हाताने बंद केले.

पॅनलचा उतार या अक्षांशाला १० अंश पुरतो. आम्ही १५ ठेवला, तोंड दक्षिणेला. पाच अंशांनी उत्पादनात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही, पण धूळ थोडी तरी घसरते.

वेळ: तामालेचं घड्याळ ग्रिनिचचंच, भारताच्या साडेपाच तास मागे. सगळी माहिती त्याच वेळेत साठवायची, बदल फक्त आलेखात.

१२ ते २६ नोव्हेंबर

चारही डबे एकाच गच्चीवर, एकमेकांपासून एक मीटरवर, दोन आठवडे. शेजारी फिल्टरचं नमुनायंत्र, मिनिटाला ५ लिटर हवा फिल्टरमधून ओढणारं. फिल्टरवर बसलेल्या कणांचं वजन, त्याच्याशी कणमापकांचे आकडे ताडायचे. या पायरीला पर्याय नाही. आठ कणमापकांतला एक बाकीच्या सातांच्या सतत वर राहिला. उघडला तर आत कोळ्याचं जाळं. धागा लेझरच्या झोतात असला की हवेत काही नसतानाही ‘कण’ दिसत राहतात. हवेच्या फुग्याने हलकेच झटकला, ठीक झाला. तोंडाला जाळी बसवली, छिद्र सव्वा मिलिमीटर. डासांच्या जाळीपेक्षा बारीक काही लावू नये, हरमटानमध्ये ती आठवड्यात बुजते आणि पंख्याला हवा मिळत नाही.

२९ नोव्हेंबर

धुराचे दिवस. पावसात माणूसभर वाढलेलं गवत आता वाळलं आहे. शेत साफ करायला, शिकारीला, गुरांसाठी कोवळा फुटवा यावा म्हणून ते पेटवलं जातं. संध्याकाळी सहा ते नऊ चारही केंद्रांवर उंचवटा, पहाटे पाच ते सात दुसरा, त्यापेक्षा बुटका. हे चुलींचं आणि शेगड्यांचं वेळापत्रक आहे, त्यावर रानातला धूर बसतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन दबते, म्हणून संध्याकाळचा धूर वर जात नाही.

फिल्टरवरचा डाग करडा-काळा. आजच्या घडीला सेन्सर, म्हणजे कणमापक, फिल्टरच्या वजनापेक्षा जास्त दाखवतो. लक्षात ठेवायची गोष्ट आहे, पुढे हेच उलटणार.

१५ डिसेंबर

दवबिंदू १४ अंशांखाली उतरला आणि वारा ईशान्येचा झाला, की आपण कोरड्या बाजूला आलो. हवामानशास्त्रज्ञ मोसमी आणि सहाराच्या हवेतली सीमारेषा साधारण याच दवबिंदूवरून आखतात. ऑगस्टमध्ये ती रेषा २० अंश उत्तरेपर्यंत चढलेली असते, जानेवारीत किनाऱ्याजवळ येते. दोन उदाहरणं: २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २४. ३४ अंश आणि १५ टक्के असेल तर तो ४ च्या आसपास. नुसती आर्द्रता दुपारी पडते, रात्री चढते, म्हणून तिच्यावर ऋतू ठरवला तर एकाच दिवसात तो दोनदा बदलेल. दवबिंदू तसा नाचत नाही.

आजपासून प्रत्येक तासाला खूण: ‘ओला’ किंवा ‘कोरडा’.

२८ डिसेंबर

पहिली मोठी लाट. सकाळी आठला सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येतं, पांढुरकी थाळी, कडा नाहीत. नीमच्या पानावर बोट फिरवलं तर पिठासारखी पिवळट भुकटी, चिमटीत कण लागत नाहीत. इथली लाल माती ही नव्हे. ही दुरून आलेली.

बराचसा भाग चाडमधल्या बोडेले खोलगटीतून येतो. तिबेस्ती आणि एनेदी डोंगरांच्या फटीतून वारा दाबून निघतो आणि खाली आहे जुन्या महाचाड सरोवराचा वाळलेला तळ, डायटमच्या (सूक्ष्म शैवालांच्या) सांगाड्यांचा, भुसभुशीत. तिथून तामाले सुमारे २२०० किलोमीटर. वारा सेकंदाला ८ ते १० मीटर धरला तर तीन दिवस. म्हणून इशारा वाटेवरच्या विमानतळांकडून मिळतो. त्यांचे तासातासाचे हवामान अहवाल कोणालाही वाचता येतात: एन्जामेना, मग मैदुगुरी, कानो, नियामे, वागादुगू, शेवटी आपलं तामाले. दृश्यमानता मीटरमध्ये असते. ९९९९ म्हणजे दहा किलोमीटर किंवा जास्त. कानोचा आकडा १५०० वर आला आणि तिथला वारा ईशान्येचाच असला, की दोन दिवसांत इथे फिल्टर तयार हवेत.

दृश्यमानतेवरून धुळीचा अंदाज काढायला दालमेदा यांचं १९८६ चं सूत्र आहे: ९१४.०६ गुणिले दृश्यमानतेचा (किलोमीटरमध्ये) उणे ०.७३ घात, अधिक १९.०३. पाच किलोमीटरला सुमारे ३००, दोनला ५७०, एकला ९३० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे, आणि धूर किंवा धुकं असेल तर साफ चुकतो. पण कोरड्या दिवशी सेन्सर खोटं बोलतो आहे का, हे ओळखायला पुरतो.

आणि तो बोलतो आहे. विमानतळावरून पलीकडची धावपट्टी दिसेनाशी झालेली, आणि आमच्या पडद्यावर पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) हा पीएम २.५ पेक्षा जेमतेम थोडा वर. वाळवंटाच्या धुळीत हे शक्य नाही.

२ जानेवारी

कारण लिहून ठेवतो, कारण हाच या कामाचा गाभा आहे. हा सेन्सर हवा आत ओढतो, वळवतो, लेझरसमोर नेतो आणि बाजूला फेकलेला प्रकाश मोजतो. धुराचे कण ०.२-०.३ मायक्रॉनचे. ते हवेबरोबर सहज वळतात आणि त्यांचा फेकलेला प्रकाश यंत्राच्या हिशेबात नीट बसतो. धुळीचे बरेचसे वजन २ ते १० मायक्रॉनच्या कणांत. ते वळणावर भिंतीला आपटतात, लेझरपर्यंत पोचतच नाहीत. पोचले तरी वाकडेतिकडे, आणि त्यांचा बराचसा प्रकाश समोर जातो, बाजूला कमी. वर घनतेचा हिशेब: खनिज धूळ पाण्याच्या २.६ पट जड, धूर त्याच्या निम्म्याच्या आसपास. यंत्राला हे काही माहीत नसतं. ते आत ठरवून दिलेल्या सूत्राने लहान कणांवरून मोठ्यांचा अंदाज छापतं. सहा आकारांची कणसंख्या दिसते खरी, पण मोठ्या आकारांच्या रकान्यांवर विसंबू नये.

म्हणजे पीएमएस५००३ चा पीएम १० हरमटानमध्ये फेकून द्यायचा. पीएम २.५ वापरायचा, पण दुरुस्त करूनच.

६ जानेवारी

दुरुस्तीत घोळ सापडला. लोकांसाठीच्या फलकावर आकडे पाठवण्याच्या प्रोग्रॅममध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेलं सूत्र घातलेलं होतं: ०.५२४ गुणिले सेन्सरचा आकडा, वजा ०.०८६२ गुणिले आर्द्रता, अधिक ५.७५. सूत्र चांगलं आहे, पण ते अमेरिकेतल्या हवेवर बसवलेलं आहे, जिथे हे सेन्सर जास्त दाखवतात. इथे सेन्सर १०० दाखवत असेल आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर उत्तर ५७. म्हणजे धुळीत आधीच कमी दाखवणारा आकडा आपण हाताने आणखी निम्मा केला. वर्षातल्या सर्वांत वाईट दिवशी फलकावर सर्वांत मोठी चूक.

सूत्र काढलं. आता तीन वेगळे गट: कोरडा आणि धुळीचा, कोरडा आणि धुराचा, ओला. धूळ की धूर, हे दोन गोष्टींवरून: विमानतळाची दुपारची दृश्यमानता पाच किलोमीटरखाली आहे का, आणि त्या दिवसाच्या फिल्टरचा रंग. प्रत्येक गटाचा गुणक त्याच गटाच्या फिल्टरवरून काढायचा, दुसरीकडून उसना आणायचा नाही. मूळ आकडे कधीही पुसायचे नाहीत, दुरुस्त आकडा शेजारच्या रकान्यात.

महाराष्ट्रात हेच सेन्सर वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. २३ जानेवारी २०२२ ला मुंबई-पुण्यावर पश्चिमेकडून धूळ आली आणि गाड्यांवर पांढरी भुकटी बसली, तशा दिवशी रोजचं सूत्र चालत नाही.

११ जानेवारी

फिल्टर. ४७ मिलिमीटरचे टेफ्लॉन. मिनिटाला ५ लिटरने २४ तासांत ७.२ घनमीटर हवा जाते. हवेत ३०० मायक्रोग्रॅम असेल तर फिल्टरवर २.१६ मिलिग्रॅम बसतात. वजनाला छान, पंपाला नाही. कालचा नमुना बाद: फिल्टर बुजत गेला, प्रवाह दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरला. प्रवाह उतरला की नुसती हवा कमी जात नाही, कण निवडणाऱ्या तोंडाची मर्यादाही सरकते आणि जास्त मोठे कण आत येतात. दोन चुका एकदम.

उपाय: दर तासाला पंधरा मिनिटंच पंप. २४ तासांत सहा तास, १.८ घनमीटर, त्याच हवेत ५४० मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूला पुरेसं, आणि दिवसरात्र दोन्ही नमुन्यात येतात.

कण निवडणाऱ्या चकतीवरचं ग्रीस एरवी आठवड्याने बदलतात. हरमटानमध्ये प्रत्येक नमुन्यानंतर. चकतीवर धुळीचा थर बसला की पुढचे मोठे कण चिकटत नाहीत, चेंडूसारखे उसळून पीएम २.५ च्या फिल्टरवर जातात आणि वजन फुगतं. पुसताना पाहिलं: एका दिवसात ग्रीसच्या मधोमध वाटाण्याएवढा पिवळट उंचवटा झाला होता. हा उंचवटा दिसला की उशीर झाला असं धरायचं.

१४ जानेवारी

वजनाची खोली. फिल्टर ३० ते ४० टक्के आर्द्रतेत २४ तास ठेवून तोलायचे असतात. बाहेर १५ टक्के, आणि एसी हवा आणखी सुकवतो. इतक्या कोरड्या हवेत टेफ्लॉनवर स्थिर वीज साठते, तराजूचा काटा सरकत राहतो, एकच फिल्टर तीनदा ठेवला तर तीन वजनं. बंद काचेच्या डब्यात मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवलं, तळाला न विरघळलेले खडे दिसले पाहिजेत. ते आतली आर्द्रता ३३ टक्क्यांवर धरतं. तोलण्याआधी स्थिर वीज काढणाऱ्या पट्टीखालून फिल्टर दहा सेकंद. प्रत्येक फिल्टर दोनदा तोलायचा, दहा फिल्टरमागे एक कोरा फिल्टर गच्चीवर नेऊन न वापरता परत आणायचा.

२५ जानेवारी

बॅटरी दोन केंद्रांवर रोज थोडी खाली. बिघाड नाही, पॅनलवर साय धरल्यासारखी धूळ. नोव्हेंबरपासून एक सर नाही, धुणार कोण? दर चार दिवसांनी, सूर्य वर यायच्या आत: आधी मऊ ब्रश, मग ओलं फडकं. कोरडं फडकं घासलं तर काचेवर ओरखडे, भर दुपारी गार पाणी ओतलं तर तापलेली काच तडकते. कणमापकाला पाणी, स्पिरिट काही नको, फक्त फुग्याची हवा, पंखा हाताने थोपवून. जोरात फुंकून पंखा भरधाव फिरवला तर त्याचं बेअरिंग जातं.

कणमापक आता सतत चालवत नाही. दर दहा मिनिटांत दोन मिनिटं, त्यातली पहिली ३० सेकंद मोजणीत धरायची नाहीत. आत कमी धूळ जाते, लेझर जास्त टिकतो.

१० फेब्रुवारी

लामाशेगूला ओपीसी-एन३ बसवला. हा ०.३५ ते ४० मायक्रॉनचे कण २४ गटांत एकेक मोजतो. महाग आहे, म्हणून एकच. त्यात घनता १.६५ धरलेली असते. धुळीच्या तासांत २.६ धरली तर वस्तुमान १.५८ पट होतं. मात्र हा बदल आलेखात करायचा, यंत्रात नाही, नाहीतर धुराचे तास चुकतील. पीएम १० आता केवळ इथूनच आणि फिल्टरवरून जाहीर होईल. बाकी तीन केंद्रांच्या फलकावर पीएम १० ची जागा रिकामी. रिकामी जागा चुकीच्या आकड्यापेक्षा चांगली.

फलकावर २४ तासांची सरासरी आणि शेजारी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा: पीएम २.५ साठी १५, पीएम १० साठी ४५. (भारताची मर्यादा ६० आणि १००.) खाली दोनच ओळी: झाडण्याआधी पाणी शिंपडा, आणि धुळीच्या सकाळी मुलांची कवायत पुढे ढकला. हे शहर आफ्रिकेच्या मेंदूज्वर पट्ट्यात आहे, आणि तो आजार याच कोरड्या महिन्यांत डोकं वर काढतो. २०१० पासून आलेल्या मेनआफ्रिव्हॅक लशीने त्यातला ‘ए’ प्रकार जवळपास हटवला, बाकीचे प्रकार आहेत. ताप आणि मान आखडणं ही लक्षणं दिसली तर ‘हवेमुळे असेल’ म्हणून थांबू नका, हे फलकावर लिहिणं आमच्या दृष्टीने आकड्याइतकंच गरजेचं.

२२ मार्च

पारा दुपारी ३८ च्या आसपास. दवबिंदू वर-खाली करतो आहे, सीमारेषा डोक्यावरून ये-जा करते. संध्याकाळी ढगांच्या भिंतीपुढून वाऱ्याचा लोट येतो, वीस मिनिटं लाल धूळ, मग टपोरे थेंब. ही धूळ स्थानिक, जाड. पीएमएस५००३ ला ती जवळपास दिसतच नाही, ओपीसीला दिसते. विटिनचं मेमरी कार्ड बिघडलं: वाऱ्याने सैल झालेल्या तारेमुळे लिहिता लिहिता वीज गेली. आता दर दहा मिनिटांनी फाइल लिहून लगेच बंद, आणि बॅटरी १२ व्होल्टखाली गेली की लिहिणं थांबवायचं. खांबांना अर्थिंग केलं, विजांचा हंगाम सुरू होतो आहे.

१८ जुलै

हवा धुतलेली. आता चूक तिसऱ्या बाजूने: पहाटे आर्द्रता ९० च्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सर जास्त दाखवतो. ८५ टक्क्यांवरचे तास वेगळी खूण करून ठेवले. कालपोहिनच्या डब्याचं तोंड कुंभारीण माशीने चिखलाने लिंपून टाकलं होतं, दोन्ही कणमापक अगदी सारखा, अगदी कमी आकडा देत होते. दोघांचं एकमत म्हणून पडताळणीत हे सुटलं. नवा नियम: आकडा सहा तास जराही हलला नाही तर माणूस पाठवायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी बदलायचं सामान: कणमापक आठ, जाळ्या आठ, घड्याळाचे सेल चार, केबलचे रबरी बूच, ग्रीस, मॅग्नेशियम क्लोराइड अर्धा किलो, टेफ्लॉन फिल्टर शंभर. जुने कणमापक काढण्याआधी नव्यांच्या शेजारी दोन आठवडे चालवायचे, म्हणजे या वर्षाचे आकडे पुढच्या वर्षाला जोडता येतील.